खाणीपासून प्लगपर्यंतचा हिशोब कोण मांडणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात ऊर्जेवर काहीही छापून आलं की दोन दिवसांत वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडतो आणि त्यात कायम दोनच पार्ट्या असतात. एक म्हणते कोळसा बंद करा, सोलर लावा, विषय संपला. दुसरी म्हणते सोलरवाले पण काही धुतल्या तांदळासारखे नाहीत, पॅनेल बनवताना प्रदूषण होतंच की, मग कोळशानेच काय घोडं मारलंय. दोन्हीकडे थोडं खरं आहे, पण भांडण सगळं एकाच जागेवर अडकलंय, वीज कशापासून बनते एवढ्यावरच. ती बनायच्या आधी काय काय होतं, बनल्यावर तारेतून येताना काय होतं आणि घरात आल्यावर आपण तिचं काय करतो याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आणि पर्यावरणाचं नुकसान तर या सगळ्या वाटेवर थोडं थोडं सांडत येतं. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, काटछाट करायची असेल तर करा पण आकडे ठेवा एवढीच विनंती.

आधी एका युनिटचं बघू. कोळशावरचं पॉवर स्टेशन जाळलेल्या कोळशातली साधारण ३५ टक्के ऊर्जाच विजेत बदलू शकतं, नवीन आणि भारी टेक्नॉलॉजीचं असेल तर ४० किंवा जरा वर. तिथून पुढे तारा आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये गळती, जगाची सरासरी ७-८ टक्के, काही ठिकाणी याच्या दुप्पट. म्हणजे तुमच्या प्लगमध्ये एक युनिट पोचवायला खाणीतून तीन युनिटच्या वर ऊर्जा उकरून काढावी लागते. राख जास्त असलेला हलक्या प्रतीचा कोळसा धरला तर एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कोळसा जळतो, त्याची पाव किलोच्या आसपास राख उरते आणि एक किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून वर जातो. आता जुना पिवळा बल्ब आठवा, तो आलेल्या विजेतली ५ टक्के पण प्रकाशात बदलत नाही, बाकी सगळी नुसती उष्णता. गुणाकार केला तर जाळलेल्या कोळशातले शंभरातले जेमतेम दीड टक्के प्रकाश म्हणून आपल्या डोळ्यापर्यंत पोचायचे. शंभर सव्वाशे वर्षं आपण असाच उजेड पाडत होतो आणि त्याला प्रगती म्हणत होतो.

बरं मग उरलेली उष्णता जाते कुठे, तर पाण्यात आणि हवेत. टर्बाइन फिरवून झालेली वाफ परत थंड करून तिचं पाणी करावंच लागतं, त्याशिवाय चक्र पुढे चालत नाही, हा काही इंजिनिअर लोकांचा आळस नाही, निसर्गाचाच नियम आहे तो. त्यासाठी एक तर नदीचं किंवा समुद्राचं पाणी आत घ्यायचं आणि काही डिग्री गरम करून परत सोडायचं, नाही तर कूलिंग टॉवर लावून पाणी वाफ करून उडवायचं, एका युनिटमागे साधारण दोन ते अडीच लिटर. लांबून त्या मोठ्या टॉवरमधून पांढरं काहीतरी निघताना दिसतं ना, लोक त्याचा फोटो प्रदूषणाच्या बातमीला लावतात (तुमच्या पेपरनेही लावलाय, राग मानू नका) पण ती नुसती पाण्याची वाफ असते. खरा त्रासदायक धूर त्या शेजारच्या उंच सडपातळ धुराड्यातून जातो आणि तो बऱ्याचदा डोळ्याला दिसतसुद्धा नाही. गरम पाणी सोडलं की नदीतला विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो आणि मासे तडफडतात. अणुऊर्जेतून कार्बन नगण्य निघतो पण तिथंही वाफच असल्यामुळे ही अडचण सुटत नाही, फ्रान्समध्ये २००३ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात नद्या आधीच इतक्या तापल्या होत्या की काही अणुभट्ट्यांना वीज कमी करावी लागली, काहींना जास्त गरम पाणी सोडायची खास परवानगी द्यावी लागली. म्हणजे उन्हाळा कडक झाला, लोकांना वीज जास्त हवी आणि नेमकी तेव्हाच नदी म्हणते आता बास.

ही वाया जाणारी उष्णता वापरता येत नाही असं नाही. डेन्मार्कमध्ये पॉवर स्टेशनमधून उरलेलं गरम पाणी जमिनीखालच्या पाइपांतून घराघरात फिरवतात, तिथली जवळपास दोन तृतीयांश घरं अशा सामाईक उष्णतेवर चालतात. अर्थात थंड देशात हे सोपं, गरम हवेच्या देशात घर आणखी तापवून करणार काय, पण कारखान्यांना तर बारा महिने उष्णता लागते ना, पॉवर स्टेशनच्या कुंपणाला लागून असे कारखाने का नसतात हा प्रश्न मला कायम पडतो.

राखेबद्दल तर लिहावं तेवढं कमी. राख पाण्यात कालवून पाइपातून मोठ्या तळ्यात सोडतात, भोवती बंधारा, आणि तळं भरलं की बंधाऱ्याची उंची वाढवायची. अमेरिकेत टेनेसी राज्यात किंग्स्टन नावाच्या ठिकाणी २२ डिसेंबर २००८ च्या पहाटे असा एक बंधारा फुटला आणि जवळपास ४० लाख घनमीटर राखेचा चिखल नदीत आणि लोकांच्या घरादारात शिरला. त्या राखेत आर्सेनिक, शिसं, पारा असलं सगळं थोडं थोडं असतंच, साफसफाईला कित्येक वर्षं गेली. हा अपघात होता म्हणून बातमी झाली. पण बंधारा न फुटता तळ्याच्या बुडातून हळूहळू विहिरीत झिरपतं त्याची बातमी होत नाही. ही राख सिमेंटमध्ये, विटांमध्ये चांगली चालते, बऱ्याच ठिकाणी वापरतातही, पण जेवढी वापरली जाते त्याच्या शेजारी जुन्या राखेचे डोंगर तसेच पडून असतात. आणि खाणी, त्यांचं तर वेगळंच. पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रेलिया गावाखालचा कोळसा १९६२ मध्ये पेटला तो अजून धुमसतोय, गाव कधीच उठून गेलं. झारखंडातल्या झरियाच्या खाणीतली आग तर १९१६ पासूनची. तिथं जळणाऱ्या कोळशातून कोणाला एक युनिटसुद्धा मिळत नाही, फक्त धूर.

१९५२ च्या डिसेंबरमध्ये लंडनवर धुराचं जे धुकं बसलं त्यात त्या वेळच्या मोजणीनुसार ४,००० माणसं गेली, नंतरच्या अभ्यासांत हा आकडा १२,००० पर्यंत जातो. त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. तेव्हा कोळसा घराघरातल्या शेगडीत जळायचा, म्हणजे जाळणारा आणि खोकणारा माणूस एकच होता, म्हणून तर बोंब झाली. विजेने काय केलं, हे दोघं वेगळे करून टाकले. जाळायची जागा शेकडो किलोमीटर लांब नेली, धुराडं दोनशे-तीनशे मीटर उंच केलं म्हणजे धूर आणखीन लांब पडेल, आणि वापरणाऱ्याच्या घरात फक्त एक बटण ठेवलं. मला वाटतं आपल्या सगळ्या बेफिकिरीचं मूळ इथंच आहे, आपण काही फार वाईट माणसं आहोत असं नाही, आपल्याला ते दिसतच नाही.

आता त्या दुसऱ्या पार्टीचं, सगळेच सारखे म्हणणाऱ्यांचं. नाही हो, सारखे नाहीत. खाणकाम, कारखाना, बांधकाम, मोडतोड सगळं धरून जन्मापासून मरणापर्यंतचा हिशोब हवामान बदलावरच्या जागतिक तज्ज्ञ समितीने २०१४ च्या अहवालात दिलाय. एका युनिटमागे (कार्बन डायऑक्साइडच्या मापात) कोळसा ८२० ग्रॅम, गॅस ४९०, मोठे सोलर प्रकल्प ४८, अणुऊर्जा १२, जमिनीवरची पवनचक्की ११. पॅनेल बनवताना प्रदूषण होतं ते या ४८ मध्ये आलेलं आहे. ४८ आणि ८२० ला सारखं म्हणणाऱ्याने शाळेत परत जावं. पण हा फक्त कार्बनचा हिशोब झाला हेही खरं, जमीन आणि पाणी आणि माणसं यात येत नाहीत. बॅटऱ्यांना लागणारं काँगोमधलं कोबाल्ट, चिलीच्या अटाकामा वाळवंटात खारं पाणी उपसून काढलेलं लिथियम, याला पर्यावरणाचा आणि माणसांचा खर्च आहेच, आणि तो परत तिसऱ्याच्याच अंगणात. जलविद्युतला तर लोक सरसकट हिरवी म्हणतात, ब्राझीलमधलं बाल्बिना धरण बघा. अॅमेझॉनचं २,३०० चौरस किलोमीटरच्या वर जंगल बुडवलं आणि मिळाली किती, क्षमता २५० मेगावॅट. बुडालेली झाडं पाण्याखाली सडत राहिली आणि वर्षानुवर्षं मिथेन सोडत राहिली. उलट अरुंद खोल दरीत बांधलेलं धरण कमी जमिनीत भरपूर वीज देतं. म्हणजे कशापासून वीज एवढं सांगून भागत नाही, कुठे आणि कशी तेही सांगा.

तारांकडे येतो, कारण या विषयावर मी तरी आजवर एकही पत्र वाचलेलं नाही. कॅलिफोर्नियात ८ नोव्हेंबर २०१८ ला सकाळी एका जुन्या ट्रान्समिशन टॉवरवरचा लोखंडी हुक तुटला. इन्सुलेटर लटकवायचा साधा हुक, बोटाएवढ्या जाडीचा असेल नसेल, जवळपास शंभर वर्षं वाऱ्यात हलून हलून घासत गेलेला. तो तुटला, चालू तार टॉवरला लागली, ठिणग्या खालच्या वाळलेल्या गवतात पडल्या आणि पॅराडाइज नावाचं अख्खं गाव जळून खाक झालं, ८५ माणसं गेली, १८,००० च्या वर इमारती गेल्या. वीज कंपनीने २०२० मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला. हुकाची किंमत काय असेल ती असो, पण तो वर चढून बघायला माणूस पाठवायला लागतो, आणि मेंटेनन्सचं बजेट हे कुठेही पहिलं कापलं जाणारं बजेट. नवीन लाईनचं उद्घाटन होतं, फीत कापतात, फोटो येतो. जुन्या लाईनचे हुक बदलल्याचा फोटो कोण काढणार.

तारांखालून जंगल तोडून पट्टा मोकळा ठेवावा लागतो, तो मग कायमचाच, झाडं वाढली की परत छाटायची. पक्ष्यांचं तर विचारू नका. माळढोक आता दीडशेच्या आत उरलेत असं म्हणतात. अंगाने जड पक्षी, डोळे डोक्याच्या बाजूला त्यामुळे समोरची बारीक तार वेळेवर दिसत नाही, आणि दिसली तरी एवढं धूड पटकन वळवता येत नाही. राजस्थान-गुजरातमधल्या त्यांच्या माळरानावर सोलर आणि पवनचक्क्यांची वीज वाहून नेणाऱ्या तारा आल्या. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या तारा जमिनीखाली घाला असा आदेश दिला, मग मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण जास्त दाबाच्या लाईन सगळीकडे जमिनीखाली घालणं जमणारं नाही असं सरकारचं म्हणणं होतं. यात कोणीच सरळसरळ खलनायक नाही हो. स्वच्छ वीज हवी, ती न्यायला तार हवी, आणि तार नेमकी त्याच आभाळातून जाते. पण प्रकल्पाची जागा ठरवतानाच तार कुठून जाणार हे बघितलं असतं तर निम्मं भांडण कोर्टात गेलंच नसतं असं मला वाटतं. आधी पॅनेल बसवायचे आणि मग लाईनचा रस्ता शोधायचा ही उलटी गंगा आहे.

अजून एक, सबस्टेशनच्या ब्रेकरमध्ये सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा गॅस भरतात. काम फार चोख करतो, ठिणगी विझवतो, विषारी नाही, वास नाही, रंग नाही. फक्त हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २३,००० पटीच्या वर तापवतो आणि हजारेक वर्षं जात नाही. प्रमाण कमी आहे म्हणून एकूण तापमानवाढीत त्याचा वाटा लहानच, उगाच घाबरवत नाही, पण युरोपने २०२६ पासून नव्या मध्यम दाबाच्या उपकरणांमध्ये तो टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलाय, म्हणजे पर्याय आहेत. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधल्या पीसीबी नावाच्या विषारी रसायनाच्या तेलाची तीच कथा, वर्षानुवर्षं भारी तेल म्हणून भरलं आणि आता २००१ च्या स्टॉकहोम कराराप्रमाणे शोधून शोधून काढावं लागतंय. आणि वितरण म्हणजे फक्त वीज नाही, गॅसचे पाइप पण आले. लॉस एंजेलिसजवळ अलिसो कॅन्यनच्या साठवण विहिरीतून २०१५ च्या ऑक्टोबरपासून पुढचे जवळपास चार महिने मिथेन गळत होता, एकूण सुमारे १ लाख टन. मिथेन वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटीहून जास्त तापवतो, त्यामुळे गॅस कोळशापेक्षा स्वच्छ म्हणणं पाइप गळत नसेल तरच खरं.

आता आपल्या घरात या. एसीचं सर्व्हिसिंग किंवा शिफ्टिंग करायला आलेला माणूस काय करतो कधी उभं राहून बघितलंय? पाना घेतो, पाइपचा नट सैल करतो आणि फुस्स आवाज करत जुना गॅस सरळ हवेत. दोन मिनिटांचं काम. आर-४१० ए असेल तर तो कार्बन डायऑक्साइडच्या २,००० पटीहून जास्त तापवणारा, म्हणजे एक किलो सोडला की दोन टनांवर कार्बन सोडल्यासारखं. त्या एसीने वीज वाचवण्यासाठी जेवढे स्टार मिळवले असतील ते त्या दोन मिनिटांत उडून गेले. त्या माणसाला दोष देऊन उपयोग नाही, गॅस परत सिलिंडरमध्ये भरून घ्यायचं मशीन त्याला कोणी दिलेलं नसतं आणि त्या वेळेचे पैसे पण कोणी देत नाही. २०१६ च्या किगाली करारात हे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलंय, नव्या एसीत आर-३२ येतो तो ६७५ पटीचा, प्रोपेनचा तर ५ च्याही आत. पण जुने करोडो एसी भिंतींवर लटकलेत त्यांचं काय, ते मोडीत निघताना हाच फुस्स आवाज येणार.

एलईडीने कमाल केली हे मान्यच आहे, ६० वॉटचं काम ८-९ वॉटमध्ये, निळ्या एलईडीला २०१४ चं नोबेल मिळालं ते उगाच नाही. पण स्वस्त झालं की माणूस जास्त वापरतो. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच हे लिहून ठेवलंय, वाफेची इंजिनं कमी कोळशात चालायला लागली तेव्हा कोळसा कमी जळला नाही, जास्तच जळला कारण इंजिनं सगळीकडे बसली. दिव्यांचं तेच झालं, भिंतीवर, झाडावर, होर्डिंगवर, रिकाम्या पार्किंगवर रात्रभर उजेड. हौशी लोकांनी मोजलेल्या ताऱ्यांवरून २०२३ मध्ये एक अभ्यास आला, त्यात रात्रीचं आकाश वर्षाला जवळपास १० टक्क्यांनी उजळत चाललंय असं निघालं. कासवाची पिल्लं वाळूतून वर येतात आणि समुद्राऐवजी रस्त्यावरच्या दिव्याकडे चालू लागतात, किडे रात्रभर बल्बभोवती फिरून मरतात. वीज सोलरची असली तरी हे नुकसान होतंच, इथं कार्बनचा संबंधच नाही. डेटा सेंटरवर वेगळं पत्र लिहावं लागेल, २०२४ मध्ये जगाच्या विजेतला दीड टक्का त्यांनी घेतला आणि तो वाढतोय.

मात्र वीज वाचवा हे कोणाला सांगायचं यात गल्लत करू नये. जगात अजून दोनशे कोटींच्या वर माणसं लाकूड, शेणी, कोळसा, रॉकेल यावर स्वयंपाक करतात आणि घरातल्या धुराने २०२० मध्ये ३२ लाख माणसं गेली असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांना ऊर्जा कमी नको, जास्त आणि स्वच्छ हवी. एसी १८ वर ठेवून चादर ओढून झोपणाऱ्याने त्यांना बचतीचे धडे देऊ नयेत. बचत त्याच्या घरात व्हायला हवी, कारण त्याच्या प्लगवर वाचलेलं एक युनिट खाणीत तीन युनिट वाचवतं, बंधाऱ्यावर पाव किलो राख आणि नदीत दोन लिटर पाणी वाचवतं, आणि नवीन तार टाकायची वेळही थोडी पुढे ढकलतं. हे इतकं स्वस्त असून कोणी मनावर घेत नाही कारण न वापरलेल्या विजेचं उद्घाटन करता येत नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. यापुढे अमुक मेगावॅटचा प्रकल्प मंजूर अशी बातमी आली की तुमच्या बातमीदाराला चार गोष्टी विचारायला सांगा. वर्षभरात खरी वीज किती मिळणार, कारण शंभर मेगावॅटचं सोलर आणि शंभर मेगावॅटचा कोळसा यांची वर्षाची युनिट्स सारखी नसतात, सोलर साधारण चौथा पाचवा हिस्साच चालतं. पाणी कुठलं आणि किती. राख किंवा मोडलेले पॅनेल कुठे जाणार. आणि लाईन कोणाच्या शेतातून, कोणत्या माळावरून जाणार. उत्तर मिळालं नाही तर 'उत्तर मिळालं नाही' असंच छापा, त्यानेही बरंच कळतं.

आपला,
एक नियमित वाचक

ता.क. पवनचक्क्यांनी पक्षी मरतात म्हणून त्या बंद करा असं आता कोणीतरी हमखास लिहील म्हणून आधीच सांगून ठेवतो. नॉर्वेत स्मोला बेटावर काही पवनचक्क्यांच्या तीन पात्यांपैकी फक्त एक पातं काळं रंगवून बघितलं, २०२० मध्ये त्याचा निकाल छापून आला, तिथं पक्ष्यांचं मरण जवळपास ७० टक्क्यांनी कमी झालेलं. चक्क्या मोजक्याच होत्या त्यामुळे सगळीकडे तेवढंच जमेल असं नाही, पण एक डबा रंग लावून बघायला कोणाच्या बापाचं काय जातंय.